मित्राच्या डोळ्यांनी पाहिलेली मुलगी

"मॅडम, त्याला दिसतच नाही, मग मुलगी दिसायला कशी का असेना!" सांगलीत समुपदेशन करताना आयांकडून, मावश्यांकडून, मित्रांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

तो २७ वर्षांचा. रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, विशीत जवळपास सगळंच गेलं. मिरजेला गाण्याच्या क्लासमध्ये एक मुलगी भेटली. सहा महिने छान चाललं होतं. मग मित्र म्हणाला, "आवाज ग्वाड हाय गड्या, पर दिसायला काय खास न्हाई."

"तेव्हापासून मन उडालंय. मी इतका उथळ आहे का, मॅडम?"

उथळ नव्हता तो. वीस वर्षं त्यानं जग पाहिलेलं. स्वप्नात अजून चेहरे येतात म्हणाला. आणि जन्मापासून न दिसणाऱ्यांच्या कानावरही 'देखणी सून आणली' हे कौतुक पडतंच की! रूपाला आपल्याकडे किती भाव आहे, ते कळायला डोळे लागत नाहीत.

मी विचारलं, "मित्र बोलायच्या आधी ती कशी होती?"

तो बराच वेळ गप्प. अशा वेळी मध्ये बोलायचं नाही, हे मी फार सरावानं शिकलेय.

"ती मला कधी धरून ओढत नाही. कोपर पुढं करते, पायरी आली की जरा थांबते. हसायच्या आधी श्वास घेते, तो मला ऐकू येतो. वडिलांचं मार्केट यार्डात हळदीचं काम आहे, ओढणीला तो वास असतो. शेजारी बसली की तानपुरा जुळल्यासारखं वाटतं." मग थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "म्हणजे मला आवडलीच होती. नापसंत मित्राला आहे."

हे मी सांगितलं असतं तर टिकलं नसतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानते, म्हणजे त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या विचारानं होतो: बोचत होतं ते मित्राचं वाक्य नव्हे, त्यामागं यानं मनात जोडलेलं, 'आंधळ्याला असलीच मिळणार', हे वाक्य. ते एकदा मोठ्यानं म्हणायला लावलं, आणि त्यालाच ते खोटं वाटलं.

मित्रांनो, न दिसणाऱ्यानं एखादीचं रूप विचारलं तर टाळू नका, त्याचा तो हक्क आहे. पण वर्णन करा, मार्क देऊ नका. उंची सांगा, केस सांगा, चेहऱ्याची ठेवण सांगा. 'खास नाही' हे वर्णन नव्हे. आणि मुलींनो, तो तुमच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून ओळख करून घेईल, असं सिनेमातलं काही धरून बसू नका. बहुतेकांना ते अवघडच वाटतं.

पुढं तीही आली. कांदेपोह्यांच्या चार कार्यक्रमांत नकार पचवलेली. माझ्यासमोरच तिनं त्याला विचारलं, "तुला दिसत असतं तर हो म्हणाला असतास?"

"माहीत नाही. दिसत होतं तेव्हा मीपण चेहराच बघायचो," तो म्हणाला. "तू कशी दिसतेस ते तूच सांग."

"नाक जरा बसकं," तिनं सुरुवात केली. "रंग सावळा. डाव्या भुवईत खूण आहे."

"कशाची?"

"हरिपूरच्या घाटावर पडले होते, सात वर्षांची असताना," ती म्हणाली, आणि हसायच्या आधी श्वास घेतला. या वेळी मलाही तो ऐकू आला.