दगडच का?

प्रश्न : अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ ही कथा वाचनाच्या ग्रुपमध्ये वाचली. गावात दरवर्षी चिठ्ठ्या काढतात, आणि खुणेची चिठ्ठी निघते त्या टेसीला सगळे मिळून दगडांनी मारतात. शेवटी दगडच का, आणि टेसीची कुणालाच दया कशी येत नाही?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : अहो, टेसीला तरी कुठे कुणाची दया येत होती! भांडी घासत होते म्हणून ती उशिरा येते, हसत, जोक मारत, नवऱ्याला पुढे हो म्हणते, आणि खुणेची चिठ्ठी आपल्याच घरात निघाली की मग ‘हे फेअर नाही’ सुरू, वर लग्न झालेल्या लेकीलाही चिठ्ठी काढायला लावा म्हणते, म्हणजे स्वतःचा चान्स कमी. खरी आयरनी मला तिथे दिसते. गाव विधी विसरलंय, चिठ्ठ्यांची मूळ पेटीही हरवली, दगड मात्र बरोब्बर लक्षात, कारण दगडात मारणारा एकटा कुणी नसतो, तिच्या छोट्या मुलाच्या, डेव्हीच्याही हातात खडे देतातच की. आणि तो म्हातारा वॉर्नर, 77 वेळा लॉटरीतून जिवंत सुटलेला, आपल्याकडच्या ‘पूर्वीपासून असंच चालतं’वाल्या काकांसारखा.

1948 मध्ये ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकात ही कथा छापून आली तेव्हा पत्रांचा पाऊस पडला, बरेच जण भडकलेले, पण काहींनी चक्क विचारलं, या लॉटऱ्या कुठे होतात, बघायला जाता येईल का?