व्यंगचित्रातला हरवलेला 'य'

प्रश्न असा आला आहे : मुलीच्या शाळेतून 'व्यंग्यचित्र स्पर्धा' अशी सूचना आली. मी पालकांच्या गटावर 'व्यंगचित्र' अशी दुरुस्ती टाकली, तर एका गृहस्थांनी 'मूळ संस्कृत शब्द व्यंग्य आहे' म्हणून मलाच दुरुस्त केलं. एका बाईंचं म्हणणं, हल्ली 'अपंग'सुद्धा म्हणत नाहीत, मग 'व्यंग' कशाला? सरळ 'कार्टून' म्हणा. बरोबर कोण? आणि अर्कचित्र, हास्यचित्र म्हणजे तेच का?

तिघंही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहात. पण फलक मला रंगवायला सांगितला, तर मी तुमचंच 'व्यंगचित्र' रंगवीन.

आधी त्या गृहस्थांचं घेऊ, कारण त्यांच्या म्हणण्यात दम आहे. 'व्यंग' म्हणजे वि + अंग. ज्याच्या अंगात काही कमी आहे ते, आणि मग ती कमतरताही. 'व्यंग्य' दिसतो त्याचा जुळा भाऊ, पण घराणंच वेगळं. तो 'वि' आणि 'अञ्ज्' या धातूपासून आला. अञ्ज् म्हणजे उघड करणं. व्यक्त, अभिव्यक्ती, व्यंजना ही सगळी त्याच घरची मंडळी. शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना पाठ केलेलं आठवत असेल. त्यातल्या अभिधेने शब्दाचा जो सरळ अर्थ कळतो तो वाच्यार्थ, आणि व्यंजनेने जो न बोललेला अर्थ कळतो तो व्यंग्यार्थ. रात्री पाहुणे रंगात आले आहेत आणि यजमान म्हणतो, 'शेवटची बस साडेदहाची ना हो?' यात बसच्या वेळेची चौकशी कुठेच नसते. हा व्यंग्यार्थ. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने यावर अख्खा सिद्धांत उभा केला, तो काव्यासाठी. पण आपल्या दिवाणखान्यांतही तो रोज सिद्ध होत असतो.

आता सांगा, वर्तमानपत्रातलं चित्र यातलं काय करतं? आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' बघा. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, मिशा. मंत्री बोलतात, कारकून बोलतात, बायको तर बोलतेच. हा गृहस्थ वर्षानुवर्षं नुसता उभा. पण चित्राचा सगळा अर्थ त्याच्या त्या गप्प उभं राहण्यात. व्यंजनेचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. तेव्हा कलेच्या दृष्टीने पाहिलं तर हे व्यंग्यचित्रच, आणि हिंदीत 'व्यंग्य' लिहिण्याचा आग्रह आजही दिसतो.

मग मराठीत 'य' गेला कुठे? माझ्या मते, जिभेने खाल्ला. एक 'व्य' म्हणून झाल्यावर लगेच दुसरा 'ग्य', आणि त्याच्या पाठीवर 'चि'. घाईत कोण म्हणणार? 'स्वातंत्र्य' आपण यकारासह लिहितो, पण पंधरा ऑगस्टच्या भाषणात कान देऊन ऐका, निम्मे वक्ते 'स्वातंत्र'च म्हणतात. 'व्यंग्योक्ती'चंही असंच झालं. 'व्यंगोक्ती' लिहिली तर आज कुणाची भुवई हलत नाही. फक्त 'व्यंग्यार्थ' तेवढा व्याकरणाच्या पुस्तकात बसून राहिला म्हणून वाचला. तोही पूर्ण नाही. मी एका दिवाळी अंकाला लेख दिला होता, त्यात हा शब्द सात वेळा होता. मुद्रितशोधकांनी साती ठिकाणचे 'य' उडवले आणि वर मला फोन करून सांगितलं, 'तुमच्या टंकलेखनात एक चूक सारखी होत होती, काढून टाकली.' मी आभार मानले. काय करणार?

पण नुसता उच्चार झिजला असता तर शब्द इतका घट्ट रुजला नसता. मराठी माणसाला 'व्यंग' ऐकताच दोष, उणीव आठवते, आणि चित्रकार तेच तर दाखवतो असं त्याला वाटतं. 'व्यंगावर बोट ठेवणं' हा आपला रोजचा वाक्प्रचार. इथे बोटाऐवजी कुंचला. 'फटकारा' हा शब्दही पाहा : कुंचल्याचाही फटकारा आणि चाबकाचाही फटकाराच. बाळासाहेब ठाकऱ्यांनी 13 ऑगस्ट 1960 रोजी साप्ताहिक काढलं त्याचं नाव 'मार्मिक'. मार्मिक म्हणजे मर्मावर नेमकं जाणारं. सुश्रुतसंहितेने शरीरात 107 मर्मं मोजली आहेत, जिथे घाव बसला तर माणूस आडवा होतो. राजकारण्यांची कुणी मोजलेली नाहीत. गंमत म्हणजे त्या साप्ताहिकाचं प्रकाशन केलं मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. त्याआधी 1948 साली दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांचं 'शंकर्स वीकली' हे साप्ताहिक निघालं, त्या वेळी पंडित नेहरूंनी शंकरना सांगितलं होतं, मलाही सोडू नका. हल्ली ही वाक्यं दुर्मीळ झाली आहेत.

तर मूळ 'व्यंग्य', कानाला 'व्यंग', आणि चित्रात दोन्ही. दोन शब्द एकमेकांत मिसळले आणि मराठीने एकच शिधापत्रिका करून टाकली. याला मी चूक म्हणणार नाही.

बाईंचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेऊ नका. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' सुचवलं आणि मराठी सरकारी कागदांतून 'अपंग' बघता बघता गेला. त्या हिशेबाने 'व्यंग' टोचणं स्वाभाविक आहे. पण चित्राने दाखवायचं ते माणसाच्या वागण्यातलं व्यंग. कुणाचं लंगडणं किंवा तोतरेपणा काढून हशा मिळवणारे पूर्वी होते, आजही आहेत; ते व्यंगचित्रकार नव्हेत, टवाळ. शब्द बदलून ते सुधारणार नाहीत.

आणि 'कार्टून' म्हणाल, तर तो बिचारा कागद आहे. इटालियनमध्ये 'कार्तोने' म्हणजे जाड कागद. भिंतीवर चित्र रंगवण्याआधी त्यावर आराखडा काढत. दुकानात पुठ्ठ्याचं 'कार्टन' मिळतं ते त्याचंच भावंड. लंडनमध्ये नव्या संसद भवनाच्या भिंतींसाठी अशा आराखड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा 1843 साली 'पंच' साप्ताहिकाने 'ही घ्या आमचीही कार्टून' म्हणून सरकारची टर उडवणारी चित्रं छापली, आणि शब्दाचा अर्थच फिरला. आपल्याकडे तो आणखी फिरला. 'काय कार्टून आहे तो!' हे आपण माणसाला म्हणतो, चित्राला नाही. ('कार्टं'शी याचा काही संबंध नाही, आवाज तेवढा जुळतो.)

आता अर्कचित्र. हा माझा लाडका शब्द, म्हणून जरा लांबण लावतो. इंग्रजीतल्या 'कॅरिकेचर'च्या मुळाशी इटालियन 'कारिकारे' आहे, म्हणजे लादणं, ओझं चढवणं. नाक आहे त्यावर आणखी नाक चढवा. मराठी शब्द नेमका उलटीकडून येतो. अर्क म्हणजे उकळून, गाळून उरलेलं सत्त्व. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घाम. भट्टीच्या नळीला घामासारखे थेंब सुटतात ते डोळ्यांपुढे आणा. म्हणजे तिकडचा चित्रकार वाढवतो आणि आपला आटवतो. दोन लांब वेण्या काढल्या की लता मंगेशकर. लोंबती नाडी काढली की दादा कोंडके, बाकी माणूस काढला नाही तरी चालेल. केसांतली पांढरी बट आणि नाक, की इंदिरा गांधी. आणि सगळ्यात आटवलेला अर्क आपण खिशात घेऊन फिरतो. कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी स्वच्छ भारत अभियानासाठी जे बोधचिन्ह केलं, त्यात नुसता चष्मा आहे. चेहरा नाही, पंचा नाही, काठी नाही. तरी नोट हातात घेऊन 'हा चष्मा कुणाचा' असं कुणी विचारत नाही.

शिवाय मराठीत बेरकी माणसालाही 'अगदी अर्क आहे' म्हणतात. त्यामुळे पुढाऱ्याचं अर्कचित्र म्हणजे अर्काचाच अर्क.

वलयांकित मंडळींनी मात्र अलीकडे या धंद्याची पंचाईत केली आहे. सगळ्यांचे ओठ, गाल आणि भुवया एकाच साच्यातून निघालेल्या, गाळणार काय? राजकारणातली पंचाईत वेगळी. पूर्वी नुसतं घड्याळ किंवा धनुष्यबाण काढला की पक्ष कळायचा. पक्ष फुटले, मशाल आली, तुतारी वाजवणारा माणूस आला, आणि आता घड्याळ काढलं तरी खाली नाव लिहावं लागतं. व्यंग्यार्थ गेला, वाच्यार्थ उरला.

हास्यचित्र म्हणजे ज्यात कुणावर दात नाही ते. शि. द. फडणिसांची चित्रं घ्या : शब्द नाहीत, शत्रू नाही, बघणारा आपला आपण हसतो. गणिताच्या शालेय पुस्तकातसुद्धा त्यांनी मुलांना हसवलं, यावरून कल्पना करा. रोज दोन-चार चौकटींत येते ती चित्रमालिका. 1991 साली सुरू झालेला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' हे तिचं घरोघरचं नाव. आमच्या घरी अग्रलेखाच्या आधी त्याच्यासाठी पेपर ओढला जायचा. त्यात चिंटूच्या मित्राचं नाव पप्पू आहे. पुढे राजकारणाने त्या नावाचं जे केलं त्यात त्या पोराचा काही दोष नाही.

तर स्पर्धेत मुलीने मुख्याध्यापकांचा चेहरा काढला तर अर्कचित्र, डब्यातली भाजी बघून पळणारी मांजर काढली तर हास्यचित्र, आणि 'स्वच्छ शाळा' फलकाखालचा कचरा काढला तर व्यंगचित्र. बक्षीस बहुधा मांजरीला मिळेल.

गटावर त्या गृहस्थांना कळवा की 'व्यंग्यार्थ'मधला 'य' त्यांचा, 'व्यंगचित्र' तुमचं. ते 'छान माहिती, धन्यवाद' असं लिहितील. त्याचा वाच्यार्थच घ्या.