ग्लास डावीकडे की उजवीकडे?

प्रश्न: ताई, पुढच्या रविवारी होणाऱ्या सुनेचे आईबाबा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला येऊन राहिले. मेनू ठरला, गोळाभात, सांबारवडी, पाटवडीचा रस्सा, कढी. पण मुलगा म्हणतो टेबल नीट सेट कर, काटे-सुऱ्या मांड, अन् सासूबाई म्हणतात ताट डावं-उजवं वाढल्याशिवाय मी बसतच नाही! टेबल ६ फुटी, माणसं ८. काय करू?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: अहो, पहिले मुलाला विचारा की सुरीनं कापायचं काय आहे या मेनूत? काटा डावीकडे, सुरी उजवीकडे धार प्लेटकडे करून, अन् ग्लास सुरीच्या टोकाच्या वर, हे सगळं बरोबरच आहे, पण ते हात कोरडे असणाऱ्यांचं. आपला उजवा हात कढीभातानं माखलेला, त्यानं ग्लास कसा उचलणार, म्हणून आपल्याकडे पाणी डावीकडे. तेव्हा दोन्हीची खिचडी नको, सासूबाईंचं ऐका. मीठ वर मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे जे चिमूटभरच लागतं ते, अन् उजवीकडे भाजी आणि रस्सा-कढीच्या वाट्या, मधे भात. मुलाच्या समाधानासाठी उजवीकडे एक चमचा ठेवा, कढीला कामी येतो. गोळाभाताचं फोडणीचं तेल मात्र आधीच ताटात ओतू नका, कढल्यात गरम ठेवा, गोळा कुस्करला की वरून घाला.

आता जागेचं. माणशी २४ इंच धरले तर ७२ इंचात एका बाजूला तिघं, टोकांना एकेक, झाले आठ, पण मग कोपऱ्यावरच्यांची कोपरं भिडतात अन् मधे पातेलं ठेवायला जागाच उरत नाही. सहाच बसवा, तुम्ही अन् नवरदेव वाढा, तेवढंच सासऱ्यांनाही दिसेल पोराला काय काय येतं ते!

आणि कोणी डावखुरं आहे का ते मुलीला आधीच विचारून घ्या, असेल तर त्याला रांगेत त्याच्या डाव्या टोकाला बसवा. आमचा भाचा डावखुरा, एकदा मधे बसला अन् कोपर लागून अख्खी कढीची वाटी आजीच्या नव्या पातळावर गेली. कागदी नॅपकिन ठेवणार असाल तर अर्धे ताटाखाली दाबा, कूलर लावला की पहिले तेच उडतात.