विंडो उघडते, मॅक्सिमा जोडली जात नाही

प्रश्न : डब्ल्यूएक्समॅक्सिमाची विंडो उघडते, पण गणित करणारी मॅक्सिमा जोडलीच जात नाही. काय करावे?
— एक शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करू नका. समोर दिसणारी डब्ल्यूएक्समॅक्सिमाची विंडो आणि मागे गणित करणारी मॅक्सिमा हे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत : विंडो १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावर पोर्ट (जोडणीसाठीचे क्रमांकित दार) उघडते, त्याचा क्रमांक देऊन मॅक्सिमाला सुरू करते आणि मॅक्सिमा उलट तिच्याशी जोडणी करते. ही घरातल्या घरातली जोडणीही फायरवॉल (जोडण्यांवर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम) कधी कधी अडवते, आणि माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. खात्रीसाठी विंडोविना, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या साध्या पडद्यावर), नुसती मॅक्सिमा चालवून ‘२+२;’ हे इंग्रजी अंकांत टाइप करा (अर्धविराम हवाच). उत्तर आले, तर फायरवॉलमध्ये दोघींना परवानगी द्या. मॅक्सिमा तिथेही उघडली नाही, तर मात्र दोष तिच्या इन्स्टॉलेशनमध्येच शोधावा लागेल.