मुलगा १४ वर्षांचा आहे, कबड्डी आणि फुटबॉल दोन्ही खेळतो. त्याला वजनं उचलू द्यावीत का? उंची खुंटेल का?

उचलू द्या. जाणकाराच्या नजरेखाली, नीट पद्धतीनं वजनं उचलल्यानं उंची खुंटत नाही. उलट गुडघे-घोटे दुखावण्याचा धोका कमी होतो.

पण दोन खेळांची प्रॅक्टिस आधीच आहे, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस, तेही लागोपाठ नको. मॅचच्या आदल्या दिवशी तर नाहीच. मी नागपूरच्या रेशीमबागेत मुलांना शिकवतो तेव्हा आधी नुसती काठी देतो. काठी खांद्यावर, टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे आत न वळता पंधरा बैठका निघाल्या की मगच वजन. तेही दहा-बारा वेळा सहज उचलता येईल एवढंच. शेवटी पाठ वाकली तर वजन जास्त आहे, लगेच कमी करा. ‘कोण जास्त उचलतो’ अशा पैजा या वयात अजिबात लावू देऊ नका.

झपाट्यानं उंची वाढताना गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर दुखू शकतं. मुलं सांगत नाहीत, तुम्हीच विचारा. दुखत असेल तर उड्या कमी करा, डॉक्टरांना दाखवा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत सगळं उरका. त्यासाठी रात्री लवकर झोपवा. ८ ते १० तासांची झोप मोडून तिसरी प्रॅक्टिस लावू नका, हे हात जोडून सांगतो.