फॉर्मवर नंबर तुझाच हवा

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

पहिल्या क्रेडिट कार्डाच्या अर्जावर मोबाईल नंबर तुझ्या वडिलांचा, अण्णांचा दिला तर चालेल का, असं तू विचारलंस. नको देऊस. रेशनपासून गॅसपर्यंत घरातल्या सगळ्या कागदांवर त्यांचाच नंबर आहे, म्हणून तुला तसं वाटणं साहजिक आहे. पण कार्ड तुझं, सही तुझी आणि फेडायचंही तुलाच. ओटीपी, खर्चाचा मेसेज, बिलाची तारीख हे सगळं त्या एका नंबरवर येणार. तू पुण्यात आणि अण्णा वडगावात मागावर कापड विणत. त्या खडखडाटात फोन वाजलेला कळतो तरी का?

शिवाय कार्डावर कुणी परस्पर खर्च केला, तर पहिली खबर त्या मेसेजनेच मिळते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये असं ठरवलं की चूक तुझीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी फसवलंय, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंस तर तुझ्यावर भुर्दंड नाही. त्यापुढे उशीर होईल तशी तुझी जबाबदारी वाढते. मेसेज अण्णांच्या फोनमध्ये न वाचता पडून राहिला, तर हे दिवस तुझ्या नकळत निघून जातील.

आता पत्ता. इथे आपल्याकडच्या पोरांची हमखास गफलत होते. पुण्यातला कार्डाचा एजंट तुझं मराठी ऐकणार, ‘वडगाव’ ऐकणार आणि राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र टाकून मोकळा होणार. पुण्यात वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे. आपलं वडगाव बेळगावचं, हे त्याला कुठून ठाऊक? कायमचा पत्ता आधारवर आहे तसाच्या तसा लिही: जिल्हा, राज्य कर्नाटक आणि ५९० ने सुरू होणारा पिनकोड. शहराचं नाव सरकारदरबारी १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे अण्णांच्या जुन्या कागदांवरचं स्पेलिंग वेगळं असेल. घरी आपण बेळगावच म्हणणार, पण अर्जात आधारवरचंच स्पेलिंग ठेव.

सध्याचा पत्ता मात्र खोलीचाच दे, घर क्रमांक आणि मजल्यासकट. कार्ड कुठे पाठवायचं असं विचारलं आणि ऑफिसचा पर्याय असला, तर तो घे, कारण कुरियरवाला दिवसा येतो आणि ओळखपत्र मागतो. खोलीवर दिवसा कुणीच नसतं.

एजंट म्हणेल, ‘ताई, मी भरतो, तुम्ही फक्त सही करा.’ त्याला भरू दे हवं तर, पण ईमेलचा रकाना स्वतः वाच. घाईत तो तिथे काहीही टाकतो, कधी स्वतःचाही पत्ता. मग बिल भलत्याच ठिकाणी जातं. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं की उशिराचा आकार लागू शकतो, शिवाय ती थकबाकी कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थांकडेही कळवली जाते. उद्या घरासाठी कर्ज मागायला जाशील तेव्हा ती नोंद समोर येईल. ‘मला बिलच मिळालं नाही’ हे तेव्हा कुणी ऐकून घेत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण अशी पोरं पैसे बुडवणारी नसतात. कॉलेजचा ईमेलही देऊ नकोस, तो कधी बंद होईल सांगता येत नाही.

पुण्यात नवा नंबर घेतलास, तर जुना चालू असतानाच बँकेत बदलून घे. बऱ्याचदा बदलासाठी जुन्याच नंबरवर ओटीपी येतो. रिचार्ज बंद पडला की काही महिन्यांनी तोच नंबर कुणा तिऱ्हाइताला मिळू शकतो. लग्नानंतर आडनाव किंवा पत्ता बदललास तरी तो बदल बँकेत कळवायचं लक्षात ठेव.

वर्षातून एकदा सिबिलचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात कर्जफेडीच्या गुणांकाबरोबर तुझ्या नावावरचे फोन नंबर आणि पत्तेही दिसतात. ओळखीचा नसलेला एखादा दिसला, तर तिथेच तक्रार नोंदव.

अण्णांचा नंबर संदर्भ व्यक्तीच्या रकान्यात चालेल. पण आधी त्यांना विचार, आणि सांगून ठेव की बँकेतून म्हणून कुणाचा फोन आला तर ‘हो, माझी मुलगी’ एवढंच सांगायचं, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही.

तुझा,
काका