गोधडीतला निळा तुकडा

प्रिय सोनू,

शनिवारी तुझी मैत्रीण राहायला आली तेव्हा तिने माईआजीची गोधडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही जुन्या कपड्यांची आहे?" ती गेल्यावर तू मला विचारलंस, "आई, आपण गरीब होतो का?" मी भाजी चिरत होते. "नाही गं," म्हटलं आणि विषय बदलला. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. जमेल तेवढं वाच, अडलं तर मी वाचून दाखवेन.

त्या गोधडीच्या कोपऱ्यात निळ्या चौकडीचा तुकडा आहे ना, तो माझा तिसरीतला फ्रॉक. दिवाळीला घरात एकच कापड यायचं. त्यातून मला नि बेबीमावशीला फ्रॉक, उरलेल्यात बंडूमामाचा शर्ट. माई माझ्या फ्रॉकला खाली चार बोटं दुमड ठेवायची आणि मी वाढले की ती उसवायची. उसवलं की दुमडीतला पट्टा गडद निळा दिसायचा, बाकीचा फ्रॉक विटलेला. हा फ्रॉक कितव्या वर्षाचा, ते वर्गात सगळ्यांना कळायचं. मी दप्तर पुढे धरून चालायचे. माईला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

आणि हे सगळं इचलकरंजीत, कापडाच्या गावात! तिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. मागांच्या खडखडाटाशिवाय आम्हाला झोप लागायची नाही. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांत संप झाला, तिथलं काम आमच्याकडच्या मागांवर आलं आणि तात्या रात्रपाळीलाही जायला लागले. दिवसरात्र कापड विणणाऱ्याच्या घरी कापड मात्र मोजून मापून यायचं. माईने भिशीच्या पैशांतून उषाचं मशीन घेतलं आणि गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवू लागली. काज-बटणासकट शिलाई तीन रुपये. बॉबिन भरायचं काम माझं. ते मला फार आवडायचं, दोरा भराभर गुंडाळला जाताना बघायला. पण रात्री अकरापर्यंत पायमशीन मारून माईची पाठ धरायची, तेही मी बघत होते. तुला सांगताना मी नेहमी बॉबिनचंच सांगते, पाठीचं राहून जातं.

आता सगळं उलटं झालंय. तुझ्या पँटची चेन बदलायला इथल्या दुकानात १४ पौंड सांगितले. नवी पँट ९ पौंडांना मिळाली. माई म्हणते, तिकडेही ब्लाउजच्या शिलाईला साडेचारशे पडतात, तेवढ्यात तयार कुर्ता येतो.

त्या नव्या पँटच्या आतल्या पट्टीवर बांगलादेश लिहिलंय. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आत कपडे शिवणारी ११०० हून जास्त माणसं मेली, त्यांत बायका पुष्कळ. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. ती बातमी बघताना मला माईची पाठच आठवत राहिली. तेव्हापासून स्वस्त पँट उचलताना हात अडखळतो. आणि तरी मी घेते, कारण तू दर सहा महिन्यांनी वाढतेस आणि मला नोकरी करून शिवायला वेळ नाही. म्हणून माईच्या काळाचे गोडवे तुझ्यापुढे गायचा हक्क मला आहे का, हे मलाच कळत नाही.

तर, गरीब होतो का? उपाशी कधी झोपलो नाही. फ्रॉक मात्र तीन-तीन वर्षं घातला. याला काय म्हणायचं ते तू ठरव, मी परवा घाईत 'नाही' म्हणाले ते सोडून दे.

गोधडी मैत्रिणींसमोर नकोशी वाटत असेल तर मी माझ्या पलंगावर घेईन. खरंच रागावणार नाही. ठेवणार असशील तर त्या निळ्या तुकड्याच्या कडेची शिवण उसवत चाललीय. रविवारी दुपारी मी सुईदोरा घेऊन बसणार आहे. साधा धावदोराच घालायचाय. वाटलं तर ये. तो तुकडा उजेडात धरून बघ, गडद पट्टा अजून दिसतो.

तुझी
आई